पुढचा ब्रेक : घराघरातला एक चुकीचा सल्ला

"पुढचा ब्रेक दाबायचा नाही, तोंडावर आपटशील."

हे वाक्य मला माझ्या अब्बांनी सांगितले होते, चेतक स्कूटर शिकवताना. तेच वाक्य मी माझ्या भाच्याला सांगितले, त्याच्या नव्या स्पोर्ट बाईकशेजारी उभा राहून, मोठ्या अधिकाराने. आपा दारात उभी होती. तिनेही मान डोलावली. गाडी १५५ सीसीची, अंगाला चिकटल्यासारखी टाकी, हँडल खाली झुकलेले. अशी गाडी मी आयुष्यात कधी चालवलेली नव्हती. पण मोठ्या माणसाने काहीतरी सांगायलाच हवे, म्हणून मी सांगितले.

भाच्याने सल्ला पाळला. अकरा महिने तो फक्त पायाचा ब्रेक वापरत राहिला. मग एका सकाळी चिपळूणहून गुहागरकडे जाताना पुढची रिक्षा हात न दाखवता वळली. रस्ता कोरडा, ऊन लख्ख, वेग साठच्या आसपास. त्याने जे शिकवले होते तेच केले: उजवा पाय पूर्ण ताकदीने ब्रेकवर. मागचे चाक जॅम झाले, गाडीची शेपटी डावीकडे फिरली आणि गाडी आडवी होऊन घासत घासत रिक्षाच्या मागच्या चाकाला जाऊन लागली. गळ्याजवळचे हाड मोडले, गुडघा आणि कोपर सोलून निघाले. डोक्याला काही झाले नाही, कारण हेल्मेट होते आणि त्याचा पट्टा लावलेला होता. अल्लाहचे शुक्र.

चार दिवसांनी मी गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रीने दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड काढून माझ्या हातावर ठेवले. "भाई, हे पुढचे बघा. जवळजवळ कोरे. आणि हे मागचे, खल्लास. पोराने पुढचा ब्रेक कधी दाबलाच नाही वाटतं." मी काही बोललो नाही. मी शाळेत नववीच्या वर्गाला विज्ञान शिकवतो. जडत्व म्हणजे काय, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो, आणि एसटीचे उदाहरण देतो. तेच उदाहरण घरच्या गाडीला लावून बघावे, हे मला कधी सुचले नव्हते.

एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की सगळी गर्दी पुढे कलंडते. मोटारसायकलवर ब्रेक लागला की नेमके हेच होते. गाडीचे आणि माणसाचे वजन पुढच्या चाकावर जाते, पुढचे शॉकअप दबते आणि मागचे चाक हलके होते. आता टायरची पकड कशावर अवलंबून असते? मुख्यतः दोन गोष्टींवर : रस्ता कसा आहे आणि त्या टायरवर किती वजन आहे. ज्या चाकावर वजन जास्त, त्याला पकड जास्त. म्हणजे गाडी थांबवायची वेळ येते तेव्हा पकड पुढच्या चाकापाशी असते, आणि आपण मात्र मुलांना मागच्या चाकावर भरवसा ठेवायला शिकवतो.

थोडा हिशेब करू. गाडी १४० किलोची आणि चालवणारा ६० किलोचा, मिळून २०० किलो. उभ्या गाडीत हे वजन साधारण निम्मे-निम्मे वाटलेले असते : १०० पुढे, १०० मागे. अशा गाडीच्या दोन चाकांमधले अंतर सव्वातेराशे मिलिमीटरच्या आसपास असते. गाडी आणि माणूस यांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर धरू. हलका ब्रेक लावला तर पुढच्या चाकावर साधारण १२७ किलो येतात, मागे ७३ उरतात. जोराचा, पण ताब्यातला ब्रेक लावला तर पुढे सुमारे १७२ आणि मागे फक्त २८. त्या २८ किलोंच्या भरवशावर साठच्या वेगातली गाडी थांबवायला निघालेला मुलगा, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

हाच हिशेब पुढे नेला की अंतर निघते. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगात दोन्ही ब्रेक नीट वापरले तर गाडी सुमारे १८ मीटरमध्ये थांबू शकते. फक्त मागचा ब्रेक वापरला तर सुमारे ४४ मीटर लागतात, तेही चाक जॅम न होऊ देता. दोन्ही आकड्यांत धोका दिसल्यापासून ब्रेकपर्यंत हात-पाय पोचायला लागणारा वेळ धरलेला नाही. तो एक सेकंद धरला तर आणखी १६-१७ मीटर गाडी तशीच पुढे गेलेली असते. हे सगळे कागदावरचे आकडे आहेत. टायर झिजलेला असेल, हवा कमी असेल, तर ते बदलतील. पण दोन्हींतला फरक तसाच राहील. आणि एक आकडा मला रात्रभर छळत राहिला. दोन्ही ब्रेक वापरणारा ज्या जागी पूर्ण थांबलेला असतो, त्याच जागी फक्त मागचा ब्रेक दाबणाऱ्याची गाडी अजून ताशी ४६ किलोमीटर वेगात असते. ती रिक्षा १८ मीटरवर असेल तर एकजण तिच्यामागे उभा राहून हॉर्न वाजवतो आणि दुसरा दवाखान्यात जातो.

हे काही आज नव्याने कळलेले नाही. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन पाहणी केली. तो अहवाल १९८१ साली आला. त्यात त्यांनी लिहिले की बहुतेक चालक संकटात मागचा ब्रेक गरजेपेक्षा जास्त दाबतात, चाक घसरवतात, आणि पुढचा ब्रेक गरजेपेक्षा खूपच कमी वापरतात. धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत चालकाला मिळणारा वेळ सहसा दोन सेकंदांपेक्षाही कमी असतो, हेही त्याच अहवालात आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या तिथल्या रस्त्यांवरची ही चूक गुहागरच्या रस्त्यावर जशीच्या तशी घडली. आपल्याकडे रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. या सगळ्यांचे कारण ब्रेक नव्हते, हे उघड आहे. पण दुचाकी नसलेले घर आता आपल्याकडे शोधावे लागेल, म्हणून हा आकडा घरात माहीत असावा.

अब्बांचे काय चुकले?

खरे सांगायचे तर त्यांचे फारसे चुकले नव्हते. ते ज्या गाडीबद्दल बोलत होते तिच्यापुरते त्यांच्या बोलण्यात तथ्य होते. १९७२ साली आलेल्या चेतकला दहा इंची छोटी चाके आणि दोन्हीकडे ड्रम ब्रेक. तारेने ओढला जाणारा पुढचा ब्रेक कधी लागायचाच नाही, तर कधी एकदम धरायचा. पुढचा भाग दबला की हँडल हातात विचित्र वाटायचे. त्यात रस्ते खडीचे, कडेला लाल माती. अशा जागी पुढचे चाक घसरले की माणूस डोळा लवायच्या आत खाली. बुलेटवाल्यांची तर आणखी तऱ्हा : जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. दुसऱ्याची गाडी घेतली की पायाचा गोंधळ ठरलेला. त्या पिढीने पडून पडून एक नियम काढला आणि तो आपल्याला दिला.

पण गाड्या बदलल्या. होंडाच्या सीबी ७५० या मोटारसायकलला १९६९ सालीच पुढे डिस्क ब्रेक आला होता. आपल्याकडे १९९९ मध्ये आलेल्या सीबीझेडला पुढे डिस्क होती, आणि २००८ च्या यामाहा आर १५ ला दोन्ही चाकांना. डिस्क ब्रेकमध्ये तार नसते. लिव्हर दाबला की नळीतले ब्रेक ऑइल दाब पुढे नेते आणि कॅलिपर दोन्ही बाजूंनी पॅड डिस्कवर आवळतो. हाताने जितके दाबाल तितकेच लागते, ना कमी ना जास्त.

स्पोर्ट बाईक बनवणाऱ्यांचा कोणत्या ब्रेकवर भर आहे हे त्यांनी गाडीवरच लिहून ठेवले आहे. आर १५ च्या अलीकडच्या मॉडेलला पुढची डिस्क २८२ मिलिमीटरची आणि मागची २२०. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या केटीएम आरसी ३९० ला २०२२ पासून पुढे ३२० आणि मागे २३०. मागचा ब्रेक महत्त्वाचा असता तर मोठी चकती मागे बसवली असती. आपल्या घरासमोर अशी गाडी उभी असेल तर वाकून एकदा दोन्ही डिस्क बघा, मुलालाही दाखवा. माझ्या भाषणापेक्षा ते लवकर पटेल.

स्पोर्ट बाईकची ठेवणही या बाबतीत वेगळी आहे. चालवणारा पुढे झुकलेला असतो, म्हणजे त्याच्या शरीराचे वजन आधीच पुढे असते. दोन चाकांतले अंतर कमी, त्यामुळे ब्रेक लागला की वजन झपाट्याने पुढे सरकते. म्हणून या गाडीचा मागचा ब्रेक साध्या प्रवासी गाडीपेक्षाही लवकर चाक जॅम करतो. अब्बांचा नियम चेतकपेक्षा या गाडीला जास्त घातक आहे.

मग तोंडावर आपटण्याची भीती खोटी का?

नाही, खोटी नाही. पुढचा ब्रेक एका झटक्यात आवळला तर दोनपैकी एक गोष्ट होते. रस्ता ओला किंवा वाळूचा असेल तर पुढचे चाक जॅम होऊन सरकते. रस्ता कोरडा आणि टायर उत्तम असेल तर फार जोरात दाबल्यावर मागचे चाक जमिनीवरून उचलले जाते. म्हणजे धोका पुढच्या ब्रेकमध्ये नसून झटक्यात आहे. आणि हा झटका कोण देतो? ज्याने पुढचा ब्रेक कधी वापरलेलाच नाही तो. ज्याचा हात रोज त्या लिव्हरवर असतो, त्याच्या बोटांना किती दाबल्यावर काय होते याचा अंदाज असतो. ज्याला आपण वर्षभर "हात लावू नकोस" म्हटले, तो एके दिवशी घाबरून पहिल्यांदाच, तोही चारही बोटांनी करकचून दाबतो. मग घरी येऊन म्हणतो, "मामू, तुम्ही बरोबर सांगत होता."

दाबायचा कसा, हे समजावताना माझ्या भाचीने मला मदत केली. ईदच्या आदल्या रात्री घरात मुली मेंदी काढत बसल्या होत्या. भाऊ हात गळ्यात बांधून बाजूला बसलेला. ती म्हणाली, "मामू, कोन दाबतो तसंच ना?" अगदी तसेच. मेंदीचा कोन एकदम दाबला तर गोळा बाहेर येतो आणि नक्षी बिघडते. आधी हलका दाब द्यायचा, धार सुरू झाली की मग दाब वाढवत न्यायचा. पुढच्या ब्रेकचेही तसेच आहे. पहिला दाब हलका. त्याने शॉकअप दबते, वजन पुढच्या टायरवर बसते, टायर रस्त्याला घट्ट धरतो. मग दाब वाढवायचा, हवा तितका. हे सगळे अर्ध्या सेकंदातसुद्धा करता येते. 'हळू' म्हणजे 'सावकाश' असा अर्थ घेऊ नये. गाडी थांबत आली की दाब थोडा सैल करायचा, म्हणजे शेवटचा हिसका बसत नाही.

याच वेळी मागचा ब्रेक पायाच्या पुढच्या भागाने हलकेच. त्याने गाडी थोडी खाली बसते, सरळ राहते. पण हात दाब वाढवत असताना पायाने वाढवायचा नाही, कारण तिथले वजन कमी होत चाललेले असते. एक्सलेटर पूर्ण सोडलेला हवा. क्लच शेवटी, गाडी थांबायच्या जरा आधी. अनेक मुले ब्रेकआधीच क्लच दाबतात आणि इंजिनचा फुकट मिळणारा रोध घालवतात.

गुडघ्यांनी टाकी घट्ट धरायची, हे स्पोर्ट बाईकवाल्याने विसरू नये. नाहीतर ब्रेक लागताच सगळे अंग हातांवर येते, मनगटे ताठ होतात, आणि ताठ हाताने लिव्हर नाजूकपणे दाबता येत नाही. नजर दूर ठेवावी. अडथळ्याकडे बघत राहिले की गाडी तिकडेच जाते, हा सायकल शिकताना सगळ्यांनीच घेतलेला अनुभव आहे.

वळणावर मात्र हिशेब बदलतो. टायरकडे पकड ठरावीकच असते. गाडी कललेली असताना त्यातली बरीचशी वळण्यातच खर्च होते, ब्रेकसाठी थोडीच उरते. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाआधी, गाडी सरळ असताना. शर्यतीतले चालक वळणात शिरतानाही ब्रेक हळूहळू सोडत जातात, मुले ते मोबाईलवर बघतात आणि कुंभार्ली घाटात करून पाहतात. शर्यतीच्या मैदानावर समोरून ऊस भरलेला ट्रक येत नाही, एवढे त्यांना सांगा. वळणात अचानक थांबावेच लागले तर आधी गाडी जमेल तितकी सरळ करावी, मग ब्रेक वाढवावा.

आणि मागचे चाक जॅम होऊन गाडी आडवी फिरू लागलीच तर? घाबरून ब्रेक एकदम सोडू नये. आडव्या गाडीच्या मागच्या चाकाला अचानक पकड मिळाली की ते गाडीला हिसका देऊन सरळ करते आणि चालवणाऱ्याला वरून फेकून देते. घसरून पडण्यापेक्षा ते फार वाईट. पुढचे चाक जॅम झाल्याचे जाणवले तर उलट : त्याच क्षणी लिव्हर सैल करायचा आणि पुन्हा हलका दाबायचा.

पावसाळ्यात सगळेच लवकर आणि मऊ हाताने. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावताच येत नाही, म्हणून वजनही तितके पुढे जात नाही. त्यामुळे मागच्या ब्रेकचा वाटा थोडा वाढतो; तरी मोठा वाटा पुढच्याचाच. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ वर येते, तेव्हा विशेष जपावे. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे, पुलाच्या सांध्यांच्या पट्ट्या यांच्यावर ब्रेक नको. कोकणात कडेची तांबडी माती वाहून डांबरावर येते, तिथे तर पुढचा ब्रेक सोडूनच जावे आणि वेग आधीच उतरवलेला असावा. घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. खालच्या गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवते. नाहीतर सतत दाबून ब्रेक तापतात, जुने ब्रेक ऑइल उकळते आणि ऐन वेळी लिव्हर स्पंजासारखा आत जातो.

एबीएस आहे, मग कशाला एवढे?

हा प्रश्न मला भाच्याच्या मित्रांनी विचारला. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे आहे. (नव्या मॉडेलना ते २०१८ पासूनच होते.) १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना निदान सीबीएस, म्हणजे एक ब्रेक दाबला की दुसराही थोडा लागेल अशी जोडणी. चाकाजवळचा सेन्सर चाक किती फिरते ते मोजत असतो. चाक जॅम होऊ लागले की यंत्रणा त्या ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते, सेकंदात अनेक वेळा. हाताला लिव्हर थरथरल्यासारखा लागतो. अनेकांना वाटते काही मोडले, आणि ते ब्रेक सोडून देतात. सोडायचा नाही. ती थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे.

पण एक गोष्ट गाडी घेताना कोणी सांगत नाही. कायद्याला एका चाकाचे एबीएससुद्धा चालते आणि बऱ्याच गाड्यांना ते फक्त पुढच्या चाकाला असते. भाच्याच्या गाडीला तसेच होते. म्हणजे ज्या ब्रेकवर एबीएसचे संरक्षण होते तो मी त्याला दाबू दिला नाही, आणि ज्यावर नव्हते तो दाबायला शिकवला. आपल्या गाडीचे कसे आहे ते बघायचे असेल तर मागच्या डिस्कजवळ बारीक खाचांची किंवा भोकांची आणखी एक छोटी चकती आहे का ते पाहा. असेल तर मागेही एबीएस असण्याची शक्यता आहे. गाडी सुरू केल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि थोडे अंतर गेल्यावर विझतो. विझला नाही तर गॅरेज गाठावे. एबीएस असले तरी साध्या यंत्रणेला गाडी किती कलली आहे हे कळत नाही, आणि सुट्या वाळूवर तीही फारसे काही करू शकत नाही.

काही मुले पुढच्या चाकावर गाडी उभी करण्याच्या खेळासाठी एबीएसचा फ्यूज काढून ठेवतात. शबे बरातच्या रात्री मोठ्या शहरांतल्या रस्त्यांवर काय चालते ते आपल्याला माहीत आहे; दरवर्षी पोलीस आणि मशिदींमधून आवाहने होतात. त्याबद्दल इथे अधिक लिहीत नाही. पण मुलाच्या गाडीचा फ्यूज जागेवर आहे का, हे बापाने एकदा मिस्त्रीला विचारायला हरकत नाही.

मागे कोणी बसले असेल तर वजन मागे जाते आणि मागच्या ब्रेकला थोडे बळ येते. तेव्हा तो नेहमीपेक्षा जरा जास्त वापरता येतो. पण स्पोर्ट बाईकची मागची सीट उंच आणि उतरती. ब्रेक लागला की मागचा माणूस चालवणाऱ्याच्या पाठीवर येतो आणि त्याचे वजन हातांवर. अम्मीला किंवा बहिणीला एका बाजूला पाय करून अशा सीटवर बसवणे मला आता पाहवत नाही. जोराचा ब्रेक लागला तर धरायला तिच्याकडे काहीच नसते. बुरख्याचा किंवा ओढणीचा घेर आधी आवरून घ्यावा, हे मी सांगायची गरज नाही. रमजानमध्ये मगरिबच्या आधीची पंधरा मिनिटे तर सर्वांत वाईट. उजेड उतरलेला, दिवसभराचा रोजा, घरी पोचायची घाई. खजूर खिशात ठेवा आणि रस्त्यातच इफ्तार करा.

भाच्याचे हाड जुळल्यावर आम्ही एका रविवारी फजरनंतर शाळेच्या मागच्या डांबरी मैदानावर गेलो. मैदान कोरडे, कोणी नाही. हेल्मेट, बूट, जाड पँट, हातमोजे. वीसच्या वेगात फक्त पुढचा ब्रेक, दोन बोटांनी. पहिल्या वेळी तो इतका हलका दाबत होता की गाडी थांबेचना. भीती माझ्या वाक्याने घातलेली होती, ती जायला वेळ लागणारच. आठ-दहा फेऱ्यांनंतर बोटांना अंदाज येऊ लागला. मग तीस, मग चाळीस. मी खडूने रेघ मारून ठेवली होती, तिथून ब्रेक सुरू करायचा आणि कुठे थांबला ते मोजायचे. मग दोन्ही ब्रेक एकत्र. सरळ रेषेतच, वळण नाही. शेवटच्या फेऱ्यांत त्याने एबीएस जागे होईपर्यंत दाबून पाहिले आणि लिव्हर थरथरला तसा तो दचकला, पण सोडला नाही. "पाय आपोआप जातो, मामू," तो म्हणाला. जाणारच. संकटात माणूस विचार करत नाही, सवय काम करते. म्हणून ही सवय रोजच्या साध्या थांबण्यातूनही लावावी लागते : सिग्नलला, गतिरोधकाला, फाटकापाशी. दर वेळी आधी हात, मग पाय.

आपा त्या दिवशी सोबत आली होती, खुर्ची टाकून बसली होती. तिच्याकडे ११० सीसीची स्कूटर आहे. घरी येताना तिने विचारले, "मी नेहमी डावाच दाबते, मग माझं काय?" तिच्या स्कूटरला सीबीएस आहे, डावा दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण थोडाच. पुढच्या रविवारी मैदानावर तिची पाळी होती.

गाडीची देखभाल मिस्त्रीवर सोडली तरी दोन गोष्टी घरात लक्षात ठेवाव्यात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, म्हणून काळे पडलेले दिसो न दिसो, दोन वर्षांनी बदलावे; डॉट ३ की डॉट ४, ते झाकणावर लिहिलेले असते. आणि पॅड दर सर्व्हिसिंगला डोळ्यांनी बघावेत, दोन्ही चाकांचे.

गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा मिस्त्रीने पुन्हा पॅड दाखवले. या वेळी पुढचे जास्त झिजले होते. तो म्हणाला, अजून तीन-चार महिने चालतील, मग बदलू.